पद्मिनी उघडताना: घरच्या शेडमधली हत्यारं

प्रीमियर पद्मिनीची लांबी ३९३० मिलिमीटर, रुंदी १४६०. दहा बाय अठरा फुटांच्या शेडमध्ये ती मधोमध उभी केली की दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरतात आणि पुढे-मागे मिळून पाच. बंद गाडीला एवढी जागा पुरते. उघडलेली गाडी मात्र तिप्पट जागा खाते, कारण दारं, बॉनेट, डिकीचं झाकण, सीटा, काचा आणि इंजिन-गिअरबॉक्स हे सगळं कुठेतरी ठेवावंच लागतं. म्हणून पहिला पाना लावायच्या आधी भिंतीत हूक मारले, दारं उभी टांगायची सोय केली आणि गाडी मधोमध न ठेवता एका भिंतीकडे सरकवली. त्यामुळे एका बाजूला चार फुटांची सलग पट्टी मिळाली. एक बाजू पूर्ण झाली की गाडी फिरवून उभी करायची. चाकं काढायच्या आत हे ठरलेलं असावं.

पद्मिनी ही घरी उघडायला सोपी गाडी आहे. १०८९ सीसीचं चार सिलिंडरांचं पुशरॉड (म्हणजे दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारं) इंजिन, बीड लोखंडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मूळ रचना इटालियन फियाटची, त्यामुळे आटे मेट्रिक. ॲम्बॅसॅडरवाल्यांना इंची पाने लागतात, इथे ८ ते २२ मिलिमीटरचा संच पुरतो. निदान कागदावर तरी पुरतो. प्रत्यक्षात तीस-चाळीस वर्षांत गाडी जितक्या हातांतून गेली, तितक्या हातांनी मिळेल तो बोल्ट लावलेला असतो. अर्धा इंची डोक्याचा बोल्ट म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कडा गोल करून टाकतो. पाऊण इंच (१९.०५) आणि १९चा पाना यांचं जमतं, पण ९/१६ इंच म्हणजे १४.३ मिलिमीटर, त्यावर १४चा चढत नाही आणि १५चा घसरतो. तेव्हा मेट्रिक संचाबरोबर ७/१६, १/२ आणि ९/१६ एवढे तीन इंची रिंग पाने घेतले तर बराच मनस्ताप वाचतो.

पान्यांबद्दल आमचं मत ठाम आहे: पहिला हात रिंगचा किंवा सहा कोनी गोटीचा (सॉकेटचा). फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, म्हणून तो सुटलेला नट फिरवायला ठीक, जाम नट सोडवायला नाही. बारा कोनी गोटी स्वस्त संचात सर्रास मिळते, ती कोपऱ्यांवर जोर देते आणि गंजलेल्या नटाला कोपरे उरलेलेच नसतात. अर्धा इंची ड्राइव्हचा रॅचेट, १५ इंची टॉमी (गोटी फिरवायचा साधा दांडा) आणि टॉमीवर चढेल असा दोन फुटी जीआय पाइप एवढं असलं की खालचे मोठे बोल्ट हलतात. पाइप रॅचेटवर चढवायचा नाही, आतले दात तुटतात.

दुकानात गेलं की मात्र माणूस सोडवायचीच हत्यारं घेत सुटतो. घरच्या कामात रखडायला होतं ते धरणाऱ्या, मोजणाऱ्या आणि खूण ठेवणाऱ्या गोष्टी नसल्यामुळे. पाच इंची बेंच व्हाइस, सहा सी-क्लॅम्प, दोन व्हाइस ग्रिप, १५० मिलिमीटरचा व्हर्नियर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मल्टिमीटर, आणि मग सगळ्यात स्वस्त: झिप लागणाऱ्या पिशव्या, ऑइल पेंटचा मार्कर, पत्र्याचे बिल्ले. कागदी चिकटपट्टीवर लिहिलेलं रॉकेलच्या एका हाताने पुसलं जातं, म्हणून वायरींना ॲल्युमिनियमचे बिल्ले बांधले आणि त्यावर खिळ्याने आकडे कोरले. काढलेला बोल्ट शक्य तिथे त्याच भोकात दोन आटे फिरवून परत ठेवायचा. पुशरॉड आठ, ते अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने उभे. फोटो काढताना पाना त्या बोल्टवर ठेवूनच काढायचा, म्हणजे आकार वेगळा लिहावा लागत नाही.

गाडी उचलणं. वजन सुमारे ९०० किलो, त्यामुळे दोन टनी ट्रॉली जॅक पुरतो. जॅक फक्त वर नेण्यासाठी; उभी राहायची ती घोड्यांवर (जॅक स्टँडवर), आणि घोड्या चार हव्यात. विटा किंवा पोकळ सिमेंट ब्लॉक यांवर गाडी ठेवणारे अजून दिसतात. पोकळ ब्लॉक आधी तडकून वेळ देत नाही, एकदम चुरा होतो. फरशी असेल तर घोडीच्या पायांखाली १८ मिलिमीटर प्लायवूडचे फूटभर चौकोन ठेवावेत, नाहीतर पायाच्या टोकाखाली फरशी फुटते आणि घोडी कलते. खाली शिरण्याआधी गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघायचं, आणि काढलेली चाकं उंबऱ्याखाली, म्हणजे दारांच्या खालच्या बॉडीच्या पट्टीखाली, आडवी सरकवून ठेवायची. जॅकच्या जुन्या जागांवर विसंबू नये. पद्मिनीचा पत्रा पहिल्यांदा कुजतो तो तिथेच, त्यामुळे जॅक वर जातो आणि गाडी तिथेच राहते.

गंजलेले बोल्ट हा या कामाचा सगळ्यात वेळखाऊ भाग, म्हणून थोडं सविस्तर. गॅरेजमध्ये रॉकेल किंवा डिझेल मारायची पद्धत आहे. त्याने वरचा मळ निघतो, आट्यांच्या आत फारसं काही जात नाही. ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे हे मिश्रण चांगलं झिरपतं. वापरताना हलवत राहावं लागतं कारण दोन्ही वेगळे होतात, आणि ॲसिटोन पेट घेतो, रंग आणि प्लॅस्टिकही खातो. तीन दिवस, रोज दोनदा, मध्ये हातोडीने डोक्यावर टिचक्या. मग आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं. गंजाची पकड तुटते ती बहुतेक वेळा आवळताना. पाव फेरी सुटला की परत पाव फेरी आत, परत तेल. एका दमात बाहेर ओढलेला बोल्ट गंजाचे कण आट्यांत ओढून नेतो आणि अर्ध्यावर चिकटून तुटतो.

एक्झॉस्टचे स्टड याला दाद देत नाहीत. तिथे ब्लो टॉर्चने नट लाल होईपर्यंत तापवायचा आणि थोडा थंड होऊ द्यायचा. जवळ पेट्रोलची नळी नसावी हे सांगायला नको, तरी सांगतो. हेड ॲल्युमिनियमचं असल्यामुळे ज्योत नटावरच राहिली पाहिजे. ड्रमवरचे आणि दारांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने काढायचा हट्ट करू नये. हातोडी मारून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो, स्वस्त आहे आणि वर्षातून दहा वेळाच लागतो, पण त्या दहा वेळा दुसरं काही चालत नाही.

बोल्ट तुटलाच तर इझी आउट (तुटलेल्या बोल्टात भोक पाडून, त्यात उलटा पिळून तो बाहेर काढायचं हत्यार) शेवटी. तो फार कडक पोलादाचा असतो. आत तुटला तर साध्या ड्रिलने त्याला भोक पडत नाही आणि पाच रुपयांच्या बोल्टसाठी भाग मशीन शॉपला न्यावा लागतो. त्याआधी तुटलेल्या टोकावर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंगचा टाका भरायचा. नट धरायला मिळतो आणि उष्णतेने पकडही सुटते. तेही नाही जमलं तर बरोबर मध्यावर सेंटर पंच, मग ड्रिल, मग नवे आटे. एम ६ साठी ५ मिलिमीटरचं भोक, एम ८ साठी ६.८. टॅप अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे, तेल लावून. ॲल्युमिनियममध्ये रॉकेल लावलं तरी चालतं.

आता पत्रा. मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक हे इथलं पहिलं हत्यार. ते सरकवत नेलं की जिथे पकड सैल होते तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) आहे. जुन्या कामांत अर्धा अर्धा इंच लांबी भरलेली सापडते, आणि तिच्या मागे बहुधा पत्राच नसतो. उंबरे, पुढच्या पायांखालची फरशी, डिकीचा तळ, मागच्या चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि पुढच्या काचेच्या रबराखालची खाच एवढ्या जागा टोच्याने टोचून बघायच्याच.

उंबरा कापण्याआधी थांबायचं. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. उंबरा काढला की दोन दारांच्या मधली बाजू झुकते. जॅक मध्यावर लावलेला असेल तर ती वर येते, गाडी दोन्ही टोकांना टेकलेली असेल तर खाली जाते. त्या अवस्थेत नवा पत्रा जोडला की दार कधीच नीट बसत नाही, आणि हे कळतं ते रंग झाल्यावर. उपाय: घोड्या सस्पेन्शनच्या जागी लावायच्या, म्हणजे गाडी रस्त्यावर असते तशी वजन धरते. २५ मिलिमीटरची चौकोनी ट्यूब दाराच्या चौकटीत आडवी आणि तिरकी टाके मारून बसवायची. कर्णांची मापं भिंतीवर लिहून ठेवायची, दोन्ही बाजूंची. एका वेळी एकच बाजू कापायची. दार बिजागरीवरच ठेवून टाके मारायचे, दर चार-पाच टाक्यांनंतर दार लावून बघायचं आणि फट फिलर म्हणून एखाद्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने तपासायची.

वेल्डिंगच्या मशीनवर घरी सगळ्यात जास्त चुकीचा खर्च होतो. घराजवळ फॅब्रिकेशनचं काम करणारे आर्क वेल्डिंग वापरतात, तेच स्वस्तात मिळतं. बॉडीचा पत्रा २० ते २२ गेजचा, म्हणजे पाऊण ते एक मिलिमीटर. २.५ मिलिमीटरची कांडी त्यावर टेकली की भोक, ते भरायला गेलं की आणखी मोठं भोक. इथे मिगच हवं, ज्याला वर्कशॉपमध्ये सीओटू वेल्डिंग म्हणतात. सिंगल फेजवर चालणारं, ०.८ मिलिमीटरची तार. बिनगॅसची, फ्लक्स भरलेली तार मिळते. ती उघड्या शेडमध्ये वाऱ्यात चालते, पण जास्त गरम लागते आणि शिंतोडे फार. गॅसची बाटली ठेवायची सोय असेल तर गॅसच घ्यावा.

सलग ओढायचं नाही. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, तिसरा परत मध्ये. मधे मधे हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. सलग ओढलेला पत्रा आक्रसतो आणि मोठ्या पॅनेलवर लाट येते, जी नंतर हातोडी-डॉलीने काढायला डेंटरच लागतो. जिथे मूळ स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिलिमीटरची भोकं पाडून ती भरायची. जस्त चढवलेला पत्रा तसाच जाळू नये. तो पांढरा धूर अंगात गेला की रात्री ताप भरतो. कड्यांवरून जस्त घासून काढायचं, दारं उघडी ठेवायची. आणि सुरू करण्याआधी: बॅटरी सोडलेली, पेट्रोलची टाकी गाडीबाहेर, आतले नमदे आणि गालिचे काढलेले. बाहेरून टाका मारताना आतलं डांबर पेटतं आणि ते आपल्याला दिसत नाही. म्हणून आत एक माणूस, हातात ओलं पोतं, शेजारी अग्निशामक.

विजेचं गणित आधी करावं. मिग आणि कंप्रेसर दोन्ही १६ अँपिअरच्या सॉकेटवर, आणि एका वेळी एकच. एक्स्टेन्शन २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचं, शक्य तितकं आखूड. बारीक आणि लांब वायरवर व्होल्टेज पडतं, कंप्रेसरची मोटर सुरू होताना घुरघुरते आणि एमसीबी पडतो. लोक मग मोठा एमसीबी टाकतात. वायर तीच असते.

कंप्रेसर दोन एचपी, ५० लिटर टाकीचा घेतला तरी तो हवेच्या सँडरला पुरत नाही. दोन मिनिटांत दाब पडतो आणि मग पाच मिनिटं वाट. त्याचं घरातलं काम म्हणजे धूळ उडवणं, चाकं भरणं, नळ्या साफ करणं, छोटे भाग रंगवणं. घासायला विजेचाच ऑर्बिटल सँडर आणि चार इंची ग्राइंडर. ग्राइंडरला पिळाच्या तारांचा ब्रश लावला तर चष्म्यावर पूर्ण चेहऱ्याची ढालही लावायची, कारण त्या तारा सुटून कपड्यांत रुततात. कंप्रेसरच्या टाकीच्या तळाचा नळ रोज उघडून पाणी काढायचं. पावसाळ्यात ते कपभर निघतं.

पावसाळ्यावरून आठवलं: उघडा पत्रा जून ते सप्टेंबरमध्ये एका रात्रीत तांबडा होतो, कोकणात तर संध्याकाळपर्यंतच. त्यामुळे बॉडीचं काम दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर संपवायचं, आणि पावसात इंजिन, ब्रेक, वायरिंग. जेवढा भाग त्या दिवशी घासला तेवढ्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. ब्रशने लावला तरी चालतो. लांबी प्रायमरवर लावावी, उघड्या पत्र्यावर नाही. ती पाणी शोषते. वरचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मात्र घरी मारू नये. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही, आणि धूळही बसते ती वेगळीच. हे काम बूथ असलेल्याकडे द्यायचं.

लहान गंजके भाग (कंस, बिजागऱ्या, पट्ट्या) घासत बसण्यापेक्षा बुडवावेत. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडचं लिंबूफूल, आणि एक रात्र. सकाळी काळा थर येतो, तो ब्रशने निघतो. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, कोरडं करून लगेच तेल किंवा प्रायमर. स्प्रिंगा आणि कडक बोल्ट यात टाकू नयेत, आम्लाने ते ठिसूळ होतात. मोठ्या भागांना धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जरची पद्धत: भाग ऋण टोकाला, भंगार लोखंडाची पट्टी धन टोकाला. स्टेनलेसची पट्टी लावू नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. वायू निघतो तो हायड्रोजन, म्हणून हे उघड्यावर करायचं. ॲल्युमिनियम यात अजिबात नाही. कार्ब्युरेटर टाकला तर सकाळी खड्डे मिळतात.

इंजिन बाहेर काढायला घडीचा इंजिन हॉइस्ट भाड्याने मिळाला तर उत्तम. नाहीतर एक टनी चेन पुली आणि जाड पाइपांची तिपाई. पंख्याच्या हुकाला किंवा शेडच्या पत्र्याच्या अँगलला टांगायचा मोह होतोच. तो टाळायचा. काढण्याआधी, गाडी चालू असेल तर, कॉम्प्रेशन गेज लावून चारही आकडे लिहून ठेवायचे: इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून परत. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. डिस्ट्रिब्युटरच्या वायरींवर सिलिंडरचे आकडे टाकायचे, फायरिंग क्रम १-३-४-२. सिलिंडरची झीज व्हर्नियरने कळत नाही, त्याला बोअर गेज लागतो आणि तो बोरिंगवाल्याकडे असतो. त्याच्याकडे ब्लॉक न्यायच्या आधी पिस्टन हातात हवेत. बोअर पिस्टन मोजून करतात. आधी बोअर आणि मग पिस्टन शोधायला निघालं, तर त्या ओव्हरसाइझचा संच मिळेलच असं नाही.

सुट्या भागांची परिस्थिती टॅक्सीशी बांधलेली आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. टॅक्सी होती तोवर माल फिरत होता. आता पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडचा जुना बाजार धुंडाळावा लागतो. जाताना जुना भाग आणि व्हर्नियर दोन्ही खिशात. "तेच आहे साहेब" हे माप नव्हे.

टॉर्क रेंच उधार आणू नये, स्वतःचा असावा. अर्धा इंची, साधारण २० ते १०० न्यूटन-मीटरचा. फियाटच्या जुन्या पुस्तकांत आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात, त्याला ९.८१ ने गुणायचं. ॲल्युमिनियमच्या हेडवर इथे चूक झाली की आटे तरी जातात, नाहीतर गॅसकेट. हेडचे नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, गोलाकार क्रमाने. टॉर्क रेंचने नट कधी सोडवायचा नाही आणि काम झालं की त्याची स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची.

पुढची कॉइल स्प्रिंग हा घरच्या कामातला खरा धोका. तारेने बांधून, जॅकवर टेकवून काढणारे आहेत. स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने आणावा, दोन्ही बाजू सारख्या आवळाव्यात आणि तोंड कधीही स्प्रिंगच्या रेषेत ठेवू नये.

ब्रेक सगळ्यात शेवटी. जुन्या शूच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम उघडल्यावर हवा मारायची नाही, साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसायचं. ब्रेकच्या नळीच्या नटाला फ्लेअर नट पाना लागतो. फिक्स पान्याने तो मऊ नट हमखास गोल होतो. नवी नळी ३/१६ इंची, टोक दुहेरी फ्लेअरचं, म्हणजे पसरवून आत दुमडलेलं. नट आधी नळीत घालायचा, मग फ्लेअर करायचा. हे विसरलं की फ्लेअर कापून पुन्हा सुरुवात. व्हील सिलिंडरमध्ये नख अडकेल असा खड्डा असेल तर होन करत (आतून घासून गुळगुळीत करत) बसू नये, नवाच घ्यावा. रबरांना फक्त ब्रेक ऑइल लावायचं. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावलं तर रबर फुगतं, ब्रेक धरून ठेवतो, आणि दोष मात्र शूवर जातो. हवा काढताना मागचं डावं चाक आधी, कारण मास्टर सिलिंडरपासून तेच सगळ्यात लांब. मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पारदर्शक नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडलेलं हवं. पेडल दाबणारा "धरलं" म्हणेपर्यंत चाकावरचं हवा सोडायचं निपल उघडायचं नाही आणि निपल बंद होईपर्यंत त्याने पाय उचलायचा नाही.

गाडी पहिल्यांदा बाहेर काढताना डिकीत १० ते १९चे रिंग पाने, फिलर गेज, टेस्ट लॅम्प, हात-दोन हात वायर आणि पाच लिटर पाणी. घराजवळच फेऱ्या मारायच्या. सुमारे ५०० किलोमीटर झाल्यावर इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट त्याच क्रमाने परत टॉर्कवर तपासायचे, मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट). हा क्रम उलटा केला तर टॅपेट दोनदा करावे लागतात.